आजची भाकर, उद्याची विहीर : पंडिता रमाबाईंचा एका दिवसापुरता विश्वास

मागच्या वर्षी माझी फेलोशिप चार महिने अडकली. संशोधन करणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. एक सही राहिली, एक कागद परत आला, मग मार्च संपला. मी नागपुरात भाड्याच्या खोलीत राहते आणि जवळच्या एका काकूंच्या खानावळीत जेवते. दुसऱ्या महिन्यात मी जेवायला जायचं टाळू लागले, तर एक दिवस काकूंनी रस्त्यातच गाठलं. "काय करून राहिली गं पोरी? जेवून घे आधी. आजचा डबा आज. उद्याचं देव पाहते."

मी जेवले. पण डोकं विज्ञानाच्या विद्यार्थिनीचं आहे, त्यामुळे घास घेता घेता प्रश्न पडलाच. देव पाहतो म्हणजे नक्की कोण पाहतं? तांदळाचे पैसे तर काकूच देत होत्या.

हा प्रश्न मी विसरले असते. पण माझं काम मध्य प्रांतातल्या १८९६ ते १९०० या काळातल्या दुष्काळांवर आहे. एमएस्सी पर्यावरणशास्त्रात केली आणि पीएचडीत आकड्यांमागून चालता चालता इतिहासात येऊन पडले. त्या दुष्काळांबद्दल वाचताना एक बाई पुन्हा पुन्हा समोर येत राहिली, आणि तिनं हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर जगून पाहिला होता. पंडिता रमाबाई. आजचा लेख त्यांच्यावर आहे. पण जे संशोधनाच्या उंबरठ्यावर आहेत त्यांच्यासाठी यात आणखी एक गोष्ट आहे. श्रद्धेसारखा विषय, जो मोजता येत नाही, त्याचा इतिहास लिहायचा तरी कसा?

आधी शब्द नीट लावून घेऊ

रोजच्या रोज देवाच्या भरवशावर जगणं ही काही बाहेरून आलेली कल्पना नाही. मराठीत तिला जुना शब्द आहे: आकाशवृत्ती. पगार नाही, वतन नाही, जे वरून पडेल त्यावर संसार. माधुकरी मागणारा विद्यार्थी, देवळात पुराण सांगणारा पुराणिक, आपल्या विदर्भात रिद्धपूरच्या वाटेवर भिक्षा मागत हिंडणारा महानुभाव पंथाचा साधू, या सगळ्यांचं जगणं कमीजास्त याच जातीचं. दुसरा शब्द 'योगक्षेम'. योग म्हणजे जे नाही ते मिळणं, क्षेम म्हणजे जे आहे ते टिकणं. भक्ताची ही दोन्ही कामं देव उचलतो, असं गीता सांगते. गंमत अशी की तेच वचन आज एलआयसीच्या बोधचिन्हाखाली आहे. म्हणजे ज्या वाक्यानं भक्ताला उद्याची चिंता सोडायला सांगितलं, त्याच वाक्याखाली आपण उद्याच्या चिंतेचे हप्ते भरतो.

मी हसण्यासाठी हे सांगत नाहीये. विश्वास आणि तरतूद एकमेकांच्या विरुद्ध आहेत असं आपण धरून चालतो. रमाबाईंच्या आयुष्यात हे गृहीतक तपासायची चांगली संधी मिळते, कारण त्यांनी दोन वेगवेगळे विश्वास जवळून पाहिले. एक वडिलांचा, एक स्वतःचा.

पहिला विश्वास : अनंतशास्त्रींचा

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं, आणि त्या काळात बाईला संस्कृत शिकवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण होतं. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच घर सुटलं आणि हे कुटुंब तीर्थयात्रेला निघालं ते कायमचंच. देवळात, घाटावर, झाडाखाली बसून पुराण सांगायचं. ऐकणारे फुलं, फळं, धान्य, कधी पैसे ठेवायचे. त्यावर पुढचं गाव. आकाशवृत्तीचं याहून स्वच्छ उदाहरण सापडणार नाही. पावसाची वर्षं चांगली होती तोवर ते चाललं.

मग दक्षिणेतला दुष्काळ आला. त्याचा कळस १८७६-७७ मध्ये झाला असला तरी झळ दोन-तीन वर्षं आधीच लागायला सुरुवात झाली होती, असं रमाबाई सांगतात. या काळात कुटुंबानं काय केलं, ते त्यांनी पुढं १८९७ च्या सुमारास दुष्काळावरच्या आपल्या आठवणींत लिहिलं. जवळचे पैसे होते ते देवांना आणि ब्राह्मणांना दिले, कारण पोथ्यांप्रमाणे त्यानं लक्ष्मी प्रसन्न व्हायची होती. अनुष्ठानं केली, उपास केले, पवित्र तळ्यांत स्नानं केली. पैसे संपल्यावर दागिने विकले, मग चांगली वस्त्रं, मग तांब्यापितळेची भांडी. शेवटी कित्येक दिवस पाला आणि रानातली फळं खाऊन काढले. वडील जलसमाधी घेण्याच्या विचारापर्यंत पोचले. मग ते गेले, काही महिन्यांत आई गेली, मोठी बहीणही गेली. उरले रमा आणि भाऊ श्रीनिवास.

या आठवणींत एक वाक्य शोधायला हवं, आणि ते देवाबद्दलचं नाही. रमाबाई लिहितात त्याचा आशय असा: आम्हाला कसलंही काम येत नव्हतं. शास्त्र येत होतं, पण दुष्काळात शास्त्र ऐकायला कोण बसतो? मजुरी करायला जातीचा अभिमान आड येत होता, भीक मागायला लाज आड येत होती. भावानं मजुरीची तयारी दाखवली, पण तोवर अंगात त्राण उरलं नव्हतं.

म्हणजे त्या घरात विश्वास कमी नव्हता, उलट भरपूर होता. कमी होते ते हात. देव देईल यावर भरवसा होता, पण देवानं काही दिलं तर ते कोणत्या वाटेनं येईल, या वाटा आधीच बंद करून ठेवल्या होत्या. फक्त एकच वाट उघडी होती: चमत्कार.

भाऊ-बहीण त्यानंतर पायी हिंदुस्थानभर फिरले. झेलमच्या काठी थंडीत पांघरायला नाही म्हणून वाळूत खड्डा करून त्यात अंग गाडून रात्र काढली, असं रमाबाईंनी नोंदवलंय. १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले आणि तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. पण जुन्या देवांवरचा तिचा भरवसा तोवर उडाला होता. कारणही तिनं सरळ दिलंय: सांगितलेलं सगळं केलं, आणि सांगितलेलं फळ आलं नाही.

मधली वीस वर्षं, थोडक्यात

यानंतरचं बरंच तुम्हाला माहीत असेल. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, पदरात लहान मनोरमा. पुण्यात आर्य महिला समाज. १८८३ मध्ये इंग्लंडला प्रयाण आणि तिथेच ख्रिस्ती धर्माचा स्वीकार. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला. तिथं १८८७ मध्ये बॉस्टनला एक मंडळ उभं राहिलं. उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसे द्यायचं त्यानं कबूल केलं. त्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. १८९३ मध्ये मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात वादळ उठलं, आणि सल्लागार मंडळातले रानडे-भांडारकर बाजूला झाले.

आपल्या विषयासाठी यातलं महत्त्वाचं एवढंच, की या काळात रमाबाई आकाशवृत्तीवर नव्हत्या. त्यांच्यामागे मंडळ होतं, मुदत होती, ठरलेली रक्कम होती. आजच्या भाषेत म्हणायचं तर त्यांच्याकडे दहा वर्षांचं प्रोजेक्ट ग्रँट होतं. आणि ग्रँट संपत आलं की काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मुदत संपल्यावर काय, याचा विचार त्यांनी वेळेत केला होता. पुण्याहून रेल्वेनं जाता येईल अशा केडगावला त्यांनी जमीन घेतली, विहिरी खोदल्या आणि फळझाडं लावली. हिशेब असा, की अमेरिकेची मदत थांबेल तोवर बाग फळं देऊ लागेल.

तीन पुस्तकं

याच सुमारास त्यांनी तीन चरित्रं वाचली. १९०७ साली छापलेल्या 'अ टेस्टिमनी' या आत्मनिवेदनात त्यांनी ती सांगितली आहेत. एक हडसन टेलरच्या चीनमधल्या मिशनचं, एक न्यू हेब्रिडीज, म्हणजे आजच्या वानुआतू, बेटांवर काम करणाऱ्या जॉन पॅटनचं, आणि एक ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं.

म्युलरबद्दल दोन ओळी हव्यात. हा मूळचा प्रशियातला माणूस. १८३६ मध्ये त्यानं ब्रिस्टलला अनाथ मुलांसाठी पहिलं घर उघडलं. १८७० पर्यंत अ‍ॅश्ली डाउन इथं पाच मोठ्या इमारती झाल्या आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली. त्याचा नियम असा: कुणाकडेही पैसे मागायचे नाहीत, कर्ज काढायचं नाही, गरज फक्त देवाला सांगायची. ख्रिस्ती प्रार्थनेत भाकर मागितली जाते ती आजच्यापुरती. म्युलरनं ती अक्षरशः घेतली.

रमाबाईंनी हे वाचून स्वतःला विचारलं, की जे तिथं होतं ते हिंदुस्थानात का होऊ नये? ही गोष्ट व्यवहारात दाखवून देणारं एखादं काम इथंही असावं, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या कुणी करावं, असं आधी वाटलं. मग 'तूच का करत नाहीस' असा प्रश्न मनात उठला. आपल्या क्षेत्रातल्या माणसानं लिहिल्यासारखं वाटतं ना हे? एक दावा वाचला, तो वेगळ्या परिस्थितीत लागू होतो का पाहायचं. वडिलांच्या पोथ्यांनाही त्यांनी हीच कसोटी लावली होती. फरक इतकाच की या वेळी प्रयोगात माणसं होती.

१८९६ : नागपूरच्या अमलाखालचा मुलूख

१८९६ चा पाऊस फसला आणि मध्य प्रांतात दुष्काळ पडला. या प्रांताची राजधानी नागपूर. मदतीची सरकारी यंत्रणा इथूनच हलायची: खडी फोडण्याची कामं, अन्नछत्रं, आणि ज्यांना काम होणार नाही त्यांच्यासाठी 'पुअर हाउस'. माझ्या टेबलावर या यंत्रणेचे आकडे असतात. कुठे किती माणसं कामावर, किती छावणीत. ते आकडे उपयोगी आहेत, पण एका गोष्टीबद्दल गप्प आहेत: छावणीत एकट्या मुलीचं काय होत होतं.

ते रमाबाईंनी लिहिलं. दुष्काळाची बातमी ऐकून त्या स्वतः मध्य प्रांतात आल्या. त्यांनी पाहिलेलं पहिलं 'पुअर हाउस' हे घर नव्हतंच. गावाबाहेरची आमराईसारखी झाडी, तिच्याखाली हाडांचे सापळे झालेली माणसं. ज्यांच्या हाती छावणी सोपवली होती त्यांच्यातलेच काही जण तरुण मुलींचा गैरफायदा घेत होते, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. दुष्काळाचा इतिहास करणाऱ्यांसाठी हा फार महत्त्वाचा साक्षीदार आहे, कारण तो स्वतः उपाशी राहिलेला आहे. रमाबाईंना त्या मुलींत वीस वर्षांपूर्वीची रमा दिसत होती.

आता त्यांच्यासमोरचा हिशेब पाहा. अमेरिकेचे पैसे उच्चवर्णीय विधवांच्या शाळेसाठी होते, दुष्काळातल्या सगळ्या जातींच्या मुलींसाठी नव्हते. मुदत संपत आली होती. बाग अजून पुरती फळाला आली नव्हती. कोणत्याही शहाण्या खजिनदारानं सांगितलं असतं: दहा मुली आणा, फार तर वीस. रमाबाईंनी मनात धरला तो आकडा तीनशे.

मला वाटतं, एका दिवसापुरत्या विश्वासाचा खरा परिणाम इथं दिसतो. त्यानं पैसे आले की नाही, ते पुढं बघू. आधी त्यानं निर्णयाचा नियमच बदलला. 'वर्षभर किती जणींना पोसता येईल?' असा प्रश्न असता तर उत्तर लहान आलं असतं, आणि ते बरोबरही असतं. 'आज समोर किती आहेत, आणि आज संध्याकाळी त्यांना जेवायला घालता येईल का?' असा प्रश्न झाल्यावर उत्तर वेगळं आलं. मुली पुण्याला आल्या. तिथं प्लेग होता, शहरात इतक्या जणींना ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून त्या केडगावच्या शेतावर, बागेशेजारी तात्पुरत्या झोपड्यांत गेल्या. १८९८ च्या सप्टेंबरात तिथल्या पक्क्या इमारतीचं अर्पण झालं. वसतीचं नाव मुक्ती. दोनच वर्षांत गुजरातकडे पुन्हा मोठा दुष्काळ पडला, तिथूनही मुली आल्या, आणि १९०० च्या सुमारास मुक्तीत सुमारे दोन हजार माणसं जेवत होती.

रमाबाई लिहितात, आमचं बँकेत खातं नाही, कायमचा निधी नाही, दिवसाच्या गरजेवर एक पैसा शिल्लक नाही. आणि तरी भीती नाही.

मुक्तीच्या आत

इथपर्यंत वाचून वाटेल की मुलगी वडिलांच्याच वाटेनं गेली, फक्त देव बदलला. पण मुक्तीत दिवसभर काय चालायचं ते पाहिलं की फरक कळतो.

मुक्तीत जी आली तिला काम शिकायला लागायचं. विणकाम, शिवणकाम, तेल गाळणं, दूधदुभतं, बागकाम, दळण, स्वयंपाक, धुणं, लिहिणं-वाचणं, शिक्षिकेचं काम. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवायच्या. पुढं छापखाना आला आणि तिथं खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंतची कामं बायकांनीच केली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही याच छापखान्यात छापलं गेलं.

जात आड येऊन मजुरी न करू शकलेल्या घरातली ही मुलगी. तिनं उभ्या केलेल्या वसतीत रिकामे हात चालत नव्हते, हा योगायोग मला वाटत नाही. वडिलांनी देवाची एकच वाट उघडी ठेवली होती. मुलीनं जमतील तितक्या उघडल्या. भाकर आजच्यापुरती मागायची, पण विहीर पुढच्या उन्हाळ्यासाठी खोदायची. झाड तर दहा वर्षांनंतरसाठी लावायचं. त्यांचा विश्वास एका दिवसाचा होता, काम एका दिवसाचं नव्हतं.

आपल्याकडे गाडगेबाबांचं उदाहरण याच्या फार जवळचं आहे. अमरावती जिल्ह्यात शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेला हा माणूस. स्वतःजवळ एक फुटकं गाडगं आणि खराटा. गावात आले की आधी गाव झाडायचे, मग भाकर घ्यायचे. स्वतःसाठी काही ठेवलं नाही, आणि लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा बांधल्या त्या मात्र दगडी. रमाबाई आणि गाडगेबाबा यांचे देव वेगळे, भाषा वेगळी. क्रम तोच: आधी झाडणं, मग भाकर.

आता संशोधकाचा चष्मा

इथं थांबले असते तर हा लेख कीर्तन झाला असता. तेव्हा तीन गोष्टी तपासू.

एक. 'मागितलं नाही, तरी आलं' या विधानाकडे नीट पाहा. म्युलर पैसे मागत नव्हता, पण आलेल्या पैशांचा तपशीलवार हिशेब दरवर्षी छापत होता, आणि तो हजारो लोक वाचत होते. रमाबाईंचीही पत्रं, अहवाल, मुक्तीचं नियतकालिक इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियापर्यंत जात होतं. वाचणाऱ्याला गरज कळत होती. म्हणून ही माणसं खोटं बोलत होती का? मला तसं वाटत नाही. पण देव देतो या वाक्यात देणाऱ्या माणसांची एक लांब रांग असते, आणि इतिहासकाराचं काम ती रांग दिसेल अशी मांडणं आहे.

दोन. सर्व्हायव्हरशिप बायस. देवाच्या भरवशावर सुरू होऊन दुसऱ्या वर्षी बंद पडलेल्या वसत्यांनी आत्मनिवेदन छापलेलं नसतं. आपल्या हातात येतात ते टिकलेले. अनंतशास्त्रींची गोष्टसुद्धा आपल्याला कळली ती मुलगी वाचली म्हणून. आणि मुक्तीत आलेल्या सगळ्याच मुली वाचल्या नाहीत. दुष्काळानं पोखरलेली शरीरं होती ती. त्या मुलींची आत्मनिवेदनं नाहीत.

तीन, आणि मला सगळ्यात अवघड वाटणारी: जोखीम कुणाची? एकटा साधू उद्याची चिंता सोडतो तेव्हा उपास त्याचाच घडतो. अनंतशास्त्रींनी सोडली तेव्हा त्यात लक्ष्मीबाई आणि तीन मुलं ओढली गेली. लक्ष्मीबाईंना कुणी विचारलं होतं का? रमाबाईंनी सोडली तेव्हा त्यांच्यामागे दोन हजार जणी होत्या. त्यातल्या बहुतेकींकडे दुसरा पर्याय नव्हता, आणि अन्नाबरोबर नवा धर्मही येत होता. यावर त्या काळात कडक टीका झाली. ती टीका केवळ द्वेषाची म्हणून बाजूला सारता येणार नाही. पण दुसऱ्या पारड्यात छावणीतली ती आमराई आहे. 'आधी निधी जमवू, मग मुली आणू' म्हणणाऱ्यांच्या सावधपणाचीही जोखीम होती, आणि तीही मुलींवरच पडली असती. फक्त ती कुणाच्या वहीत लिहिली गेली नसती.

यातून नवीन संशोधकांसाठी मी एक गोष्ट घेते. 'देवानं खरंच दिलं का?' हा इतिहासाचा प्रश्न नाही. त्याला होकार द्यायला किंवा नकार द्यायला आपल्याकडे साधन नाही. पण 'या विश्वासानं त्या व्यक्तीला काय करायला लावलं, काय करण्यापासून अडवलं, आणि किंमत कुणी दिली?' हा शोधता येण्याजोगा प्रश्न आहे. कागद सापडतात, जमिनीचे व्यवहार सापडतात, छापखान्यातली पुस्तकं सापडतात. प्रश्न असा वळवला की श्रद्धाळू माणसाची थट्टाही करावी लागत नाही आणि भक्तिगीतही लिहावं लागत नाही. तुमचा विषय श्रद्धेचा नसला तरी हे कामी येईल. माझा मूळ विषय पाऊस आणि पीक आहे, तरी आलं.

शेवटी, काकूंची वही

चार महिन्यांनी फेलोशिप एकरकमी जमा झाली. त्याच संध्याकाळी खानावळीत गेले. काकूंनी फळीवरून एक लांबट वही काढली. माझ्या नावाचं पान होतं. चार महिन्यांतले सगळे डबे त्यात तारखेनिशी होते. मी न खाल्लेले दिवसही वजा केलेले. पलीकडच्या पानांवर आणखी पोरांची नावं होती. काहींवर रेघ होती, काहींवर नव्हती, आणि काही फार जुनी होती.

म्हटलं, "काकू, हे पैसे तं बुडाले ना?"

"बुडाले असतीन," त्या म्हणाल्या. "जेवले ना पण पोट्टे."

"आणि तुमचं कसं चालते?"

"चालून राहिलं ना बापा. तू बोल, उद्या डबा ठेवू का?"

देव पाहतो म्हणजे कोण पाहतं, याचं उत्तर मला अजून पूर्ण मिळालेलं नाही. पण माझ्या पानावरची रेघ काकूंनी माझ्यासमोर पट्टी लावून सरळ मारली, आणि मी उद्याच्या डब्याला हो म्हणून घरी आले.